टंचाई सगळ्यांना, मग टँकर वस्तीवर शेवटी का?

उन्हाळा लागला की गावोगाव एक वाक्य ऐकू येतं, "पाणीच नाही, तर कुणाला काय द्यायचं?" म्हणजे दोष निसर्गाचा, माणसाचा नाही. दुसरं म्हणणं असं की गावात पैसा आला, बागायत झाली की जातपात आपोआप मागं पडते. ही दोन्ही म्हणणी आपल्याच राज्यात तपासून बघू.

महाड हे कोकणातलं, सावित्री नदीकाठचं व्यापारी गाव. तिथं ना पावसाची कमी, ना पैशाची. तरी चवदार तळ्याचं पाणी दलितांना बंद होतं. जनावरं प्यायची, ते चालायचं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात झाला. महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक ते पाणी प्यायले. त्यावर मारहाण झाली, तळं 'शुद्ध' करण्यात आलं. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. म्हणजे भरल्या तळ्याकाठीही माणूस तहानलेला राहू शकतो.

आता उलट बाजू. पुरंदर तालुक्यातलं नायगाव हे कमी पावसाच्या पट्ट्यातलं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, तर घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचं, असा नियम केला. भूमिहीनालाही वाटा ठेवला आणि उसाला पाणी नाही, हे ठरवून टाकलं. दुष्काळ तोच, पण वाटपाची रीत बदलली.

मग पैशाचं काय? पैशानं फरक पडतो, पण तो आधी ज्याच्याकडं जमीन आहे त्याला. जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी त्याचं, ही रीत इंग्रजांच्या १८८२ च्या कायद्यापासून चालत आलीय. ज्याला जमीन आहे तो बोअर घेतो, आटलं की आणखी खोल जातो. ज्याला जमीनच नाही, तो दुसऱ्याच्या मर्जीवर. दलित वस्ती, पारध्यांची पालं, डोंगरातले धनगरवाडे यांच्यातले बरेच लोक याच रांगेत. सुकाळात मर्जी चालून जाते. टंचाईत पहिली तीच आटते. म्हणून दुष्काळ भेदभाव जन्माला घालत नाही, आधीचा असलेला उघडा पाडतो.

आजचा प्रश्न आपल्या दारात आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी देण्याचं ठरलंय. हे पाणी कुणाच्या मेहेरबानीचं नाही. तेव्हा येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. पाइपलाइनचं शेवटचं टोक कुठं येतं? तिथल्या नळाला किती वेळ पाणी असतं? आणि टँकरची पहिली खेप कुठं रिकामी होते? उत्तरं ठरावाच्या वहीत लिहून घ्या. खेप रोज त्याच वस्तीला शेवटी पोचत असेल, तर पाळी बदलण्याचा ठराव मांडा.

पाऊस पाडणं ग्रामसभेच्या हातात नाही. पाळी लावणं आहे.