गाडीत टेप आहे का?

तर झालं असं, की गेल्या नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न उरकल्या उरकल्या, पुण्याहून नांदेडला निघालेली आमची ट्रॅव्हल्स रात्री साडेबाराला लातुरात येऊन बसली. म्हणजे अक्षरशः बसली. इंजिनातून धूर, कंडक्टर फोनवर आणि आम्ही पस्तीस जण नांदेड रोडच्या कडेला शाली गुंडाळून उभे. 'दुसरी गाडी सकाळी येईल' असं कळलं. सकाळी आठला नांदेडात मावसबहिणीचा साखरपुडा. माझ्या बॅगेत अंगठी. आता बोला!

शेवटी शेजारच्या टपरीवर चहा पीत उभ्या असलेल्या एका ट्रकवाल्या मामांना विचारलं. (आमच्याकडे अनोळखी माणूस म्हणजे मामाच. पुण्यात 'काका' म्हणतात, पण त्यात ती मजा नाही.) त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, लॅपटॉपच्या बॅगेवर नजर जरा जास्तच रेंगाळली आणि म्हणाले, "चला की सायब. तूरडाळ हाय, रायपूरला जायलाव. नांदेड वाटंवरच. पण झोपायचं न्हाई बरं का."

मला वाटलं, गंमत करतायत.

केबिनमध्ये चढताना पहिला प्रश्न माझ्या तोंडून काय निघावा? "मामा, गाडीत टेप आहे का?" आयटीत सात वर्षं काढूनही लहानपणचा शब्द जात नाही. मामांनी छताजवळच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. टेप होता, पण कॅसेटचा नव्हे; यूएसबीवाला. आणि किल्ल्यांच्या जुडग्यासारखे, एका कड्यात ओवलेले चार पेनड्राइव्ह. एकाला लाल दोरा, एकाला हिरवा, एकाला पिवळा, एक नागडाच.

आता माझा फंडा तुम्हाला माहितीय. गॅजेट दिसलं, की मला सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही. मी माझे ते बाहेरचा आवाज बंद करणारे इअरबड्स काढले आणि मामांना ऐकवायला गेलो. त्यांनी एक कानात घातला, दोन सेकंद ऐकलं आणि परत दिला. "याच्यात गाडी ऐकू येत न्हाई की! टायर बसलं तर कोण सांगणार, तुमची ती गाणारी बाई?" बारा हजारांच्या वस्तूचा इतका शॉर्ट रिव्ह्यू मी आजवर वाचलेला नाही. मग मी फोनवरचं अ‍ॅप उघडलं, दोन हजार गाण्यांची प्लेलिस्ट दाखवली. चाकूर मागे पडलं, रेंज गेली आणि गोल चक्र फिरत राहिलं. मामांनी काही न बोलता लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह लावला.

कुमार सानू. अर्थातच!

मग अहमदपूर येईपर्यंत त्यांनी मला सगळी सिस्टिम समजावली. लाल म्हणजे नव्वदची हिंदी गाणी, रात्री बारा-एकपर्यंत. हिरवा म्हणजे आनंद शिंदे, प्रल्हाद शिंदे, भीमगीतं. डोळा जड व्हायला लागला की. पिवळ्यात पंजाबी. तो नांदेडलाच गुरुद्वाराच्या लंगरात शेजारी जेवायला बसलेल्या एका सरदार ड्रायव्हरनं भरून दिलेला. हजूर साहिबला उत्तरेकडच्या गाड्या येत-जात असतात, तिथे माल उतरवला की मत्था टेकून मगच पुढे. मामांना त्यातला एक शब्द कळत नाही. "पण ढोल कळतो न्हवं," ते म्हणाले.

आणि नागडा पेनड्राइव्ह? तो कीर्तनांचा. आश्चर्य म्हणजे मामा माळकरी वगैरे अजिबात नाहीत. "गाणं ऐकताना डोकं बाजूला जातंय. कीर्तनात पुढं काय होतंय म्हणून मानूस जागा ऱ्हातंय." पुण्या-मुंबईत पॉडकास्टवर लंबेचौडे प्रेझेंटेशन देणाऱ्यांनी हे वाक्य पहिल्या स्लाइडवर टाकावं.

एक मात्र खरं. हातात मावणाऱ्या करमणुकीची चैन आपण ऑफिसवाल्यांनी शोधली, हा आपला गोड गैरसमज आहे. सोनीचा वॉकमन आला १९७९ मध्ये आणि जगानं त्याचे पोवाडे गायले. पण ऐंशीच्या दशकात गुलशनकुमारांच्या टी-सीरीजनं कॅसेट स्वस्त केली, तेव्हा खरी चंगळ झाली ती ट्रकच्या केबिनची. त्याआधी ट्रान्झिस्टरवर रेडिओ सिलोन आणि १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती. कॅसेटचा त्रास एकच. मराठवाड्याच्या मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, डॅशबोर्डवर राहिलेली कॅसेट संध्याकाळपर्यंत पापडासारखी वाकायची. मामांचा लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चा सेट असाच गेला म्हणे. औरंगाबादच्या त्या एका माणसानं एकट्यानं उभं केलेलं अख्खं वऱ्हाड, आपल्याच बोलीत! तो सेट गेल्याचं दुःख मामांच्या आवाजात अजून होतं. "त्यो असला की बाजूला कुणी बसल्यागत वाटायचं."

बाजूला कुणी बसल्यागत. ह्यावर मी विचारलं, "क्लीनर नाही का ठेवला?"

"किन्नर आता कुठं ऱ्हायलाय? पोरं येत न्हाईत. आन् मालकाला परवडत बी न्हाई."

पूर्वी गाडीवर दोघं असायचे. क्लीनर टायर ठोकायचा, काच पुसायचा, ताडपत्री बांधायचा, चहा आणायचा, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण रात्री त्याचं मुख्य काम होतं बडबड. उस्ताद झोपू नये म्हणून गावच्या भानगडी सांगायच्या, माळेगावच्या जत्रेत कुठल्या फडाची लावणी कशी रंगली ते साभिनय सांगायचं. बोलून चालून तो केबिनमधला पहिला रेडिओ, आणि प्रश्न विचारला तर उत्तर देणारा! आता ती सीट रिकामी आणि तिच्यावर मोबाइल ठेवलेला.

माळेगावच्या अलीकडे मामांनी टेप बंद केला. पावणेतीन वाजले असतील. बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज. मग त्यांनी जे सांगितलं, ते मला इथे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. हाच रस्ता, तेव्हा अरुंद. बाजूला त्यांचा सख्खा भाचा, एकोणीस वर्षांचा, क्लीनर म्हणून पहिलीच मोठी फेरी. तो दमून झोपला होता. मामांनी टेपचा आवाज मोठा केला, खिडकी खाली घेतली, तंबाखू मळली. सगळं रीतसर. "मला वाटलं, म्या जागाच हाय. गाणं बी ऐकायलोय, सगळं ऐकायलोय." पुढचं त्यांना आठवतं ते एकदम तुरीच्या शेतातलं. गाडी आडवी, भाच्याचा पाय अडकलेला, तो ओरडतोय आणि टेप चालूच. "गानं चालूच होतं, सायब. तेच गानं. म्हंजी दोन मिनिटं बी झाली नव्हती."

भाचा वाचला. पाय गेला. आज उदगीरला किराणा दुकान चालवतो. आणि ते गाणं कुठलं होतं, हे मी विचारलं नाही.

घरी आल्यावर मी थोडी शोधाशोध केली (सवय!). ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात लुईस रेनर आणि जिम हॉर्न या संशोधकांनी १९९० च्या दशकात नेमकं हेच तपासलं होतं. झोप येत असलेल्या ड्रायव्हरला सिम्युलेटरवर बसवायचं आणि एकदा थंड हवा, एकदा रेडिओ असं करून बघायचं. निष्कर्ष? दोन्हींचा उपयोग अगदी थोडा आणि थोडाच वेळ. त्यापेक्षा कॉफी आणि पंधरा मिनिटांची डुलकी कितीतरी सरस. मामांना हे रिसर्च पेपरशिवाय कळलं. कशामुळे कळलं, ते वर लिहिलंच आहे.

कायद्याच्या पुस्तकात तर सगळं आहेच. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा म्हणायचा, दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. मी मामांना हे सांगितलं, तर ते इतके हसले, की गाडी थांबवतात की काय असं मला वाटलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात मोबाइल धरून गाडी चालवली, तर पहिल्याच वेळी १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. हे मात्र मामांना पटतं. चालू गाडीत रील्स बघणाऱ्या तरुण ड्रायव्हरांबद्दल त्यांनी वापरलेले शब्द आमची संपादिका छापणार नाही.

लोहा आलं. साडेतीनच्या सुमाराला मामांनी एका बंद ढाब्यासमोर गाडी घेतली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाले, "भाचे, ईस मिनिटं." मी 'सायब'चा 'भाचा' कधी झालो, कळलंच नाही. मागच्या फळीवर आडवे झाले आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागले.

मी बसून राहिलो. इअरबड्स होते, फोन होता, रेंज पण आली होती. काहीच लावावंसं वाटलं नाही. दोन-तीन गाड्या कंदिलासारखे पिवळे दिवे लावून गेल्या. बरोबर वीस मिनिटांनी मामांचा फोन वाजला. अलार्म म्हणजे एका लहान मुलीचा आवाज, लातुरी हेलात, चांगलाच दरडावून: "पप्पा, उठा! उठलाव का? खरं सांगा!" मामा उठून बसले आणि झोपेतच उत्तर दिलं, "उठलो, बाई, उठलो." मुलगी आता नर्सिंगला आहे. रेकॉर्डिंग दुसरीतलं. प्रत्येक नव्या फोनमध्ये आधी ते टाकून घेतात, मग सिमकार्ड.

पाचला त्यांनी मला नांदेडात वाजेगावजवळ सोडलं. भाडं घेतलं नाही, चहा घेतला. साखरपुड्याला मी वेळेत पोचलो, फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.

आता तुम्ही म्हणाल, कॉलम गॅजेट्सचा आणि गॅजेट कुठाय? आहे की. मामांनी उतरताना एकच काम सांगितलं होतं: ते लंडनचं वऱ्हाड कुठं मिळालं, तर भरून द्या. आणि चाललेली गाडी हे त्यांचं दुखणं नाहीच, हे मला तेव्हा कळलं. गाडी चालू असताना हातांना, डोळ्यांना काम असतं. कंटाळा असतो तो थांबल्यावर. गिरणीच्या गेटबाहेर, मोंढ्यात, वजनकाट्याच्या रांगेत, नंबर लागेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस. तिथे कुणी पत्ते कुटतं, कुणी मोबाइलवर लुडो. कुणी चूल मांडतं. झारखंडचे राजेश रवानी हे ट्रक ड्रायव्हर गाडीत स्वयंपाक करतानाचे व्हिडिओ टाकता टाकता यूट्यूबवर स्टार झाले. २०२४ मध्ये आनंद महिंद्रांनीसुद्धा त्यांचं कौतुक केलं. बाकीचे लाखो जण त्यांचे व्हिडिओ बघत नंबरची वाट बघतात.

म्हणून मी एक किट केलं. एक ३२ जीबी पेनड्राइव्ह. एक साधा एफएम रेडिओ, सेलवर चालणारा. डेटा नको, रिचार्ज नको, आकाशवाणी नांदेड लागलं की झालं. आणि एक चार्जर. इथे मी जवळपास माती खाल्ली होती, म्हणून सांगतो. आपल्या कारमध्ये १२ व्होल्टची बॅटरी असते, मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची. नुसता १२ व्होल्टचा कार चार्जर तिथे खोचला, की तो जातो, कधीकधी फोनलाही घेऊन. पाकिटावर '१२-२४' लिहिलेलं बघूनच घ्या. ब्लूटूथ स्पीकर घ्यायचा मोह झाला होता, पण मामांनी आधीच बजावलं होतं: जास्त वस्तू म्हणजे ढाब्यावर जास्त राखण.

पेनड्राइव्हला मी पांढरा दोरा बांधला. वऱ्हाड मिळालं. पु.लं.ची कथाकथनं टाकली, थोडी भारुडं, आणि माझ्या आईनं आग्रह करून तिच्या आवाजात सांगितलेल्या कहाण्या. 'शुक्रवारची कहाणी रात्री तीनला कोण ऐकणार?' असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "पुढं काय होतं ते तुला तरी आठवतंय का?" नव्हतं आठवत.

पाकीट लातूरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ठेवलं. महिन्याभरानं रायपूरहून मामांचा व्हॉइस मेसेज आला. मागे हॉर्न, कुणीतरी कुणाला तरी शिव्या देतंय. "भाचे, तिसरा दिवस हाय, नंबर न्हाई लागला. वऱ्हाड दोनदा झालं. आईच्या कहान्या बी संपल्या. शुक्रवारची हितल्या पोरायला बी ऐकिवली, त्यायला मराठी येत न्हाई तरी बसले. अजून हायत का म्हनावं आईला."

आई सध्या रोज संध्याकाळी माझा फोन मागून घेते.