कलम धरलंय की नुसतं बांधलंय?

“इनिशिएटर कुठलाही घाला, शेवटी फ्री रॅडिकलच ना?” हे वाक्य मी भर बैठकीत ऐकलं, तेही प्रकल्पप्रमुखाच्या तोंडून! नैसर्गिक रबरावर मिथाइल मेथाक्रिलेटचं कलम करायचं होतं. साहेबांनी इनिशिएटर म्हणून एआयबीएन निवडला. का? तर कपाटात होता!

अहो, कपाट उघडून रसायनशास्त्र ठरतं का?

ब्रिटिश रबर संशोधकांनी १९५०च्या दशकातच दाखवून दिलं होतं: बेंझॉइल पेरॉक्साइडने रबरावर कलम धरतं, एआयबीएनने जवळपास नाहीच. एआयबीएन फुटला की नायट्रोजन निघून जातो आणि मागे राहतो सायनोआयसोप्रोपिल रॅडिकल. अनुनादाने स्थिरावलेला, थंड डोक्याचा. मोनोमरला तो चेतवतो, रबराच्या साखळीला मात्र हात लावत नाही. पेरॉक्साइडमधून निघणारे बेंझॉइलॉक्सी आणि फिनाइल रॅडिकल तसे नाहीत. ते साखळीच्या दुहेरी बंधावर चढतात, नाहीतर शेजारचा हायड्रोजन उपटतात. साखळीवरच रॅडिकल तयार झाला, की मोनोमर तिथूनच वाढतो. याला म्हणतात कलम.

साहेबांच्या अहवालात काय? “मोनोमरचं रूपांतर उत्तम, सबब ग्राफ्टिंग उत्तम.” मोनोमर संपला, हे कबूल. पण गेला कुठे, हे विचारायचंच नाही?

मी विचारलं. नमुना सॉक्सलेटमध्ये ठेवला, खाली ॲसिटोन. ॲसिटोन सुट्टं ॲक्रिलिक, म्हणजे रबराला न जोडलेलं मेथाक्रिलेटचं होमोपॉलिमर, विरघळवतं; रबराला सोडून देतं. दुसऱ्या दिवशी द्रावक उडवलं, तर फ्लास्कच्या तळाशी काचेसारखा पारदर्शक, कडक थर. नखाने दाबला तर कडकन मोडला. वरचं रबर वजनात होतं तिथेच. “थोडं होमोपॉलिमर असायचंच,” साहेब म्हणाले. थोडं? सगळं पीक खाली सांडलं होतं!

हा शब्दांचा कीस नाही. फ्रिजच्या आतल्या भिंतींच्या हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनमध्येही हेच गणित आहे. रबराचे कण आणि पॉलिस्टायरीन यांना कलमाच्या साखळ्याच बांधून ठेवतात. त्या नसतील, तर धक्का बसताच तडा जातो. मिश्रणाला कलम म्हणून खपवणं ही सरळ फसवणूक आहे.

कोकणातला माळी काडी चार दिवस हिरवी दिसली म्हणून कलम धरलं म्हणत नाही. पालवी फुटेपर्यंत थांबतो. तेवढा धीर नसणाऱ्याने आधी ॲसिटोन आणि तराजू घ्यावा. सुट्टं ॲक्रिलिक धुऊन काढल्यावर रबराचं वजन जितकं वाढलेलं दिसेल, तितकंच कलम. त्यावर एक ग्रॅमही लिहू नका.