वकिलानेच पैसे खाल्ले तर?

मागच्या महिन्यातली गोष्ट. सानपाड्याहून सकाळची सीएसएमटी पकडली, नेहमीप्रमाणे उभ्यानेच. गाडी वाशीच्या खाडीपुलावर आली आणि मैत्रीण म्हणाली, "अगं, माझा वकील फोनच उचलत नाहीये." मी हसले. प्लंबर, वकील आणि एक्स बॉयफ्रेंड, वेळेला फोन उचलतं कोण? पण तिचा चेहरा बघून गप्प झाले. रीसेल फ्लॅटच्या स्टॅम्प ड्युटीचे आणि रजिस्ट्रेशनचे म्हणून तिने वकिलाच्या खात्यात ३ लाख ८० हजार टाकले होते. नवराबायकोने तीन वर्षं साठवलेले. आणि चलन भरलेलंच नव्हतं!

"बार कौन्सिलचा काहीतरी फंड असेल ना?" तिचा मामेभाऊ न्यू जर्सीत, एडिसनला असतो. तिकडे असा फंड असतो, असं तो म्हणाला होता.

तिकडे खरंच असतो. न्यू जर्सीत १९६९ पासून आहे. तिथले वकील दरवर्षी फी भरतात, त्यातला काही भाग या फंडात जातो. वकिलाने अशिलाचे पैसे हडपले आणि त्याची सनद गेली किंवा निलंबित झाली, की अशील फंडाकडे अर्ज करू शकतो. एका दाव्याला कमाल ४ लाख डॉलर. केस हरली, वकील आळशी निघाला किंवा फी जास्त लावली, तर मात्र काही मिळत नाही. फक्त लबाडी. म्हणजे चोराची भरपाई त्याचेच प्रामाणिक जातभाई करतात. भन्नाट आयडिया आहे, नाही?

आता आपलं बघू. महाराष्ट्रात फंड आहे, १९८१ च्या कायद्याने आलेला. वकीलपत्रावर एक छोटं तिकीट लागतं, ते त्याचंच. पण तो वकिलांच्या कल्याणासाठी! प्रॅक्टिस थांबवलेल्या वकिलाला किंवा वकील गेल्यावर त्याच्या कुटुंबाला त्यातून मदत मिळते. ते योग्यच आहे, पण फसलेल्या अशिलासाठी त्यात काही नाही.

अशिलासाठी आहे ते १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टचं कलम ३५. फोर्टला हायकोर्टाच्या एक्स्टेंशन बिल्डिंगमध्ये महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचं ऑफिस आहे, तिथे तक्रार करायची. निकाल वर्षभरात लागायला हवा, नाहीतर प्रकरण दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. शिक्षा काय? ताकीद, सनद निलंबित, किंवा कायमची रद्द. पैसे परत करायला लावणं त्या यादीत नाही.

उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीची एक केस वाचली. भूसंपादनाच्या मोबदल्याचे ८,११८ रुपये वकिलाने १९८७ मध्ये कोर्टातून उचलले आणि गरीब अशिलाला दिलेच नाहीत. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची सनदच काढून घेतली. पंधरा वर्षं, आठ हजारांसाठी. वाचताना मला आमच्या सानपाडा गावातले काका आठवले. सिडकोला जमिनी दिलेली ही माणसं. वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जायचं तर त्यांना वकिलावरच भरोसा ठेवावा लागतो.

ग्राहक मंचाचं दारही आता बंद आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने वकिलांना ग्राहक कायद्यात आणलं होतं, पण १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने बाहेर काढलं. डॉक्टर आत, वकील बाहेर. मला तरी हे पटलेलं नाही.

उरतं काय? पोलिसांत विश्वासघाताची तक्रार (न्याय संहितेचं कलम ३१६), दिवाणी दावा, आणि जोडीला कलम ३५. बार कौन्सिलचे नियम मात्र कामाचे आहेत: वकिलाने अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवायचा, फीचे किती, खर्चाचे किती ते वेगळं लिहायचं, आणि मागितल्यावर हिशेबाची प्रत द्यायची. मैत्रिणीने ती पोस्टाने मागितली आहे.

आणि स्टॅम्प ड्युटी? ती 'ग्रास'च्या सरकारी साइटवर घरबसल्या स्वतः भरता येते. हे तिला मी सांगितलं तेव्हा गाडी कुर्ल्याला पोचली होती. ती म्हणाली, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"