भुताला रंग लावू नका!

भुतं रंगीत करणाऱ्या मंडळींवर मी अब्रुनुकसानीचा दावा लावणार आहे. भुतांच्या वतीनं!

१९६३ सालचा रॉबर्ट वाइज यांचा ‘द हॉन्टिंग’ घ्या. (याच गृहस्थांनी दोन वर्षांनी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ काढला, म्हणजे माणूस सज्जन.) कृष्णधवल चित्र, भलाथोरला हिल हाउस, आणि भूत? ते शेवटपर्यंत पडद्यावर येतच नाही! नुसते धडाधड ठोके पडतात, बंद लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, आणि आपले पाय आपोआप खुर्चीवर. दाराआड कोण, हे ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीप्रमाणं ठरवायचं.

१९९९ साली हीच गोष्ट पुन्हा काढली. रंगीत. कॉम्प्युटरनं भूत चांगलं ढळढळीत दाखवलं. झालं! अशा भुताला भीमरूपी कशाला म्हणायची? नुसती जांभई पुरते.

म्हणे, रंगात सगळं स्पष्ट दिसतं. अहो, स्पष्ट दिसलं तर भ्यायचं कशाला? पडद्यावरचा काळोख ही प्रेक्षकाची जागा. तिथं आमचं लहानपणापासूनचं भूत बिनभाड्यानं राहतंय. त्याला हुसकून दिग्दर्शकानं स्वतःचं भूत घुसवायचं, याला कला नव्हे, अतिक्रमण म्हणतात!