मागच्या आसनाचा विमा

शनिवारची पहाट फुटते न फुटते तोच महामार्गावरील सुरूर फाट्याकडून वाईच्या दिशेने मोटारसायकलींचे जथे येऊ लागतात. चालकाने टाकीवर ओणवे होऊन बसावे, पुढच्या अंगाला प्लॅस्टिकचे रंगीत कवच असावे आणि मागचे आसन जेमतेम वीतभर, तेही पुढच्यापेक्षा उंच, अशा घडणीच्या या गाड्यांना सर्वत्र ‘स्पोर्ट बाइक’ म्हणतात. गावाबाहेर पडून त्या पसरणीचा घाट चढतात आणि पाचगणीकडे दिसेनाशा होतात. एके काळी ही हौस पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांपुरती होती. आता तशाच गाड्या वाईच्या पेठांतून, बावधनला, भुईंजला, पाचवडला घराघरांपुढे उभ्या दिसतात. कोणी पतसंस्थेचे कर्ज काढलेले असते, कोणी भविष्यनिर्वाह निधीला हात घातलेला असतो, कोणाच्या उसाचे किंवा हळदीचे बिल त्यात गेलेले असते. गाडी दारात येते आणि मग घरात प्रश्न निघतो तो विम्याचा: सगळ्यांत स्वस्त कोठे मिळेल?

प्रश्न रास्त आहे. ठरावीक पगारात घर चालविणाऱ्याने दोन हजार रुपये वाचविण्याची खटपट केली तर त्यात हसण्यासारखे काही नाही. तथापि ही खटपट बहुधा चुकीच्या ठिकाणी केली जाते, आणि तिची किंमत ज्याला मोजावी लागते तो खरेदीच्या वेळी शोरूममध्ये हजरही नसतो.

मोटारविम्याचे दोन भाग आहेत. गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या मृत्यूची, इजेची वा नुकसानीची भरपाई देणारा तो तृतीय पक्षाचा विमा. गाडी स्वतःच मोडली, जळली वा चोरीस गेली तर भरपाई देणारा तो स्वनुकसानीचा विमा. पहिला सक्तीचा आहे, दुसरा ऐच्छिक. ही सक्ती नवी नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले आणि १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ ने ते बंधन कायम ठेवले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाविमा गाडी चालविणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

सक्तीच्या भागात स्वस्त-महाग असे काही शोधण्यासारखे नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. १ जानेवारी २००७ पासून स्वनुकसानीच्या विम्याचे दर कंपन्यांवर सोडण्यात आले. तृतीय पक्षाचा दर मात्र शासनव्यवस्थाच ठरवीत आली. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात दुचाकींचे चार गट केले गेले. ७५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास वर्षाला ५३८ रुपये, त्यापुढे १५० पर्यंत ७१४, ३५० पर्यंत १,३६६ आणि त्यावरील सर्वांस २,८०४ रुपये. शिवाय १८ टक्के वस्तू व सेवा कर. कंपनी सरकारी असो वा खाजगी, हा आकडा तोच.

या गटवारीची गंमत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखी आहे. यामाहाची आर-१५ ही गाडी २००८ साली आली तेव्हा तिचे इंजिन १४९ घनसेंटिमीटरचे होते. २०१८ च्या आवृत्तीत ते १५५ झाले आणि सहा घनसेंटिमीटरांसाठी ती वरच्या गटात जाऊन बसली. त्याच गटात ३४९ घनसेंटिमीटरची संथ, भारदस्त क्लासिक ३५० आहे. ३७३ घनसेंटिमीटरची आरसी ३९० आणि हजार घनसेंटिमीटरची परदेशी गाडी यांचा हप्ता एकच. गाडी कोणत्या घडणीची, चालविणारा अठरा वर्षांचा की अठ्ठावन्न वर्षांचा, त्याने आजवर किती दंड भरले, यांपैकी काहीही हा दर विचारीत नाही. ब्रिटनमध्ये हेच सारे आधी विचारले जाते. तरुण चालक आणि वेगवान गाडी असा योग तेथे जुळला की हप्ता इतका चढतो की, आईवडील गाडी स्वतःच्या नावावर दाखविण्याची लबाडी करतात. आपल्याकडे घाटात गाडी आडवी घालणारा तरुण आणि सावकाश शाळेत जाणारे गुरुजी एकाच टोपलीत मोजले जातात. म्हणजे स्पोर्ट बाइकला सक्तीचा विमा महाग पडतो ही समजूतच चुकीची. तिच्या जोखमीच्या मानाने तो स्वस्तच पडतो, आणि उरलेला भार गुरुजी उचलतात. समाजाने जाणूनबुजून घेतलेला निर्णय म्हणून याचे समर्थन करता येईल. पण तसा तो कोणी जाणूनबुजून घेतल्याचे दिसत नाही.

घासाघीस शक्य आहे ती स्वनुकसानीच्या भागात. जुन्या दरपत्रकाने देशाचे दोन विभाग पाडले होते. पुणे, मुंबई यांसारखी मोठी शहरे ‘अ’ विभागात आणि सातारा जिल्हा ‘ब’ मध्ये. दीडशे ते साडेतीनशे घनसेंटिमीटरच्या पाच वर्षांच्या आतील दुचाकीस दर होता ‘अ’ मध्ये विमामूल्याच्या १.७९३ टक्के, ‘ब’ मध्ये १.७६० टक्के. दीड लाखाच्या गाडीवर हा फरक पन्नास रुपयांचा! पुढे दर मोकळे झाल्यावर कंपन्यांनी बराच काळ याच पायावर सवलतींचे इमले बांधले. ग्राहकाला ‘स्वस्त’ म्हणून जे दाखविले जाते ते पुष्कळदा सवलत नसून विमामूल्याची काटछाट असते. दीड लाखाच्या गाडीचे मूल्य एक लाख वीस हजार लिहिले की वरील दराने हप्ता ५२८ रुपयांनी उतरतो. गाडी चोरीस गेली की भरपाई तीस हजारांनी उतरते. ही देवघेव पत्करण्यास हरकत नाही, फक्त ती आपण केली आहे हे ठाऊक हवे.

स्पोर्ट बाइकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्या देखणेपणाचा बराचसा भाग प्लॅस्टिकचा असतो, आणि दुरुस्तीची भरपाई देताना प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. गाडी नुसती आडवी झाली तरी कवच तडकते आणि बिलाचा अर्धा बोजा मालकावर येतो. तो टाळण्यासाठी घसारामुक्त विम्याची जोड घेतली जाते व तिच्यासाठी जादा पैसे मोजले जातात. वस्तुतः चार-सहा हजारांचे नुकसान मध्यमवर्गीय कुटुंब सोसू शकते. शिवाय किरकोळ मागणी केली नाही तर पुढच्या वर्षी स्वनुकसानीच्या हप्त्यात २० टक्के आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ही सूट गाडीची नव्हे, मालकाची असते. वडिलांनी जुनी स्कूटर विकून त्यांच्याच नावावर नवी दुचाकी घेतली तर ती सूट नव्या गाडीकडे येते. मुलाच्या नावावर घेतली तर येत नाही.

जे नुकसान सोसण्यासारखे आहे ते अंगावर घ्यावे आणि जे सोसवणार नाही त्याचा विमा उतरावा, हे विमाशास्त्राचे पहिले सूत्र. आपल्या घरांतून नेमके उलटे घडते. कवचाच्या ओरखड्याची काळजी वाहिली जाते आणि गाडीवर बसलेल्या माणसांचा हिशेब कोणी मांडीत नाही.

हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. गाडी वडिलांच्या नावावर, कारण कर्ज त्यांच्या पगारावर मिळालेले. चालविणारा मुलगा, वय वीस, परवाना बाळगणारा. मागे त्याचा वर्गमित्र डबलसीट बसलेला. घरात पॉलिसी आहे ती केवळ सक्तीची, लोकांच्या भाषेत ‘थर्ड पार्टी’. वळणावर गाडी घसरली आणि समोरून येणाऱ्या पादचाऱ्याला लागली, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई पादचाऱ्याला विमा कंपनी देईल. कायदा त्याचसाठी आहे आणि ते काम तो बऱ्यापैकी करतो. मुलाकडे परवाना नसता, तर २००४ च्या स्वरनसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या तत्त्वानुसार कंपनी पादचाऱ्यास आधी रक्कम देऊन नंतर ती वडिलांकडून वसूल करू शकली असती.

पण मागे बसलेल्या मित्राचे काय? वैधानिक पॉलिसीखाली मोटारसायकलवर विनामूल्य मागे बसलेल्या व्यक्तीची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली टिळकसिंग प्रकरणात दिला आणि तेव्हापासून कंपन्या त्याचाच आधार घेत आल्या. सर्वसमावेशक म्हणजे ‘फुल’ पॉलिसी असेल तर मागे बसणाराही तिच्या छत्राखाली येतो, हे नियामक प्राधिकरणाने २००९ साली परिपत्रक काढून सांगितले आणि २०१२ साली न्यायालयानेही मानले. विम्याच्या परिभाषेत विमेदार हा पहिला पक्ष, कंपनी दुसरा आणि जगातील बाकी सारे तिसरा. रस्त्यावरचा अनोळखी माणूस तिसरा पक्ष ठरतो. खांद्यावर हात ठेवून बसलेला मित्र मात्र स्वस्त पॉलिसीत कोणताच पक्ष ठरत नाही.

आणि स्वतः मुलगा? मालक-चालकासाठी पंधरा लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण २०१८ पासून आवश्यक झाले. परंतु पॉलिसीच्या शब्दांप्रमाणे ते नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवीत असतानाचे आहे. आर. सी. बुकावर नाव वडिलांचे. ती गाडी बहुधा त्यांनी शोरूमपासून घरापर्यंतही चालविलेली नसते. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालविणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तो तृतीय पक्ष म्हणून भरपाई मागू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रामखिलाडी प्रकरणात स्पष्ट केले. त्या प्रकरणी न्यायालयाने वारसांना वैयक्तिक अपघाताच्या कलमाखालील एक लाख रुपये देवविले खरे. पण तेवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तात्पर्य, वाईतल्या त्या कुटुंबाने नियमाप्रमाणे हप्ता भरला, कोणताही कायदा मोडला नाही, आणि तरीही गाडीवरची दोन्ही मुले विम्याच्या भरवशाबाहेर राहिली.

हा दूरचा संभव नव्हे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा चव्वेचाळीसहून अधिक, दुचाकीवरची होती.

दोष केवळ कुटुंबाचा नाही. ज्या विम्याची सक्ती आहे त्यातून मागचे आसन वगळण्याचे समर्थन कसे करावयाचे? दुचाकीच्या नोंदणीतच दोन माणसांची आसनक्षमता मान्य केलेली असते. सरकार दुसऱ्या आसनासह गाडीला परवानगी देते आणि विम्यात मात्र एकही आसन पुरते मोजत नाही. हप्ता वाढेल हा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. देशातील निम्म्याहून अधिक वाहने आजही विनाविमा धावतात, दर वाढला की आणखी काही बाहेर पडतील. पण मग सक्तीच्या विम्यावर १८ टक्के कर घेण्याचे कारण काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा करमुक्त झाले. दुचाकीचा सक्तीचा विमा तसाच राहिला. १,३६६ रुपयांवर जवळजवळ २४६ रुपये कर बसतो. तो सोडला तर मागच्या आसनाच्या जोखमीपैकी काही भाग तरी हप्ता न वाढविता सामावता येईल. वैयक्तिक अपघाताचे संरक्षण मालकाच्या नावाला न चिकटविता परवानाधारक चालकाला, मग तो कोणीही असो, लागू करणे हेही नियामकाच्या अधिकारातले काम आहे. त्यासाठी नवा कायदाही लागू नये.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे थोडे आहे, आणि ते फार खर्चाचे नाही. घसारामुक्तीची जोड हवी तर सोडावी, पण ‘फुल’ पॉलिसी सोडू नये. मुलाच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा घ्यावा. सर्व सामान्य विमा कंपन्यांनी देणे बंधनकारक केलेली ‘सरल सुरक्षा विमा’ ही अडीच लाखांपासूनची पॉलिसी २०२१ पासून उपलब्ध झाली. बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून दोन लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही आहे. घाटात चित्रीकरणासाठी शर्यत लावण्याची सवय असेल तर आयोजित शर्यत व वेगचाचणी पॉलिसीतून वगळलेल्या असतात, हे कलम त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे.

आणखी एका तारखेकडे लक्ष हवे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस तृतीय पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. स्वनुकसानीचा मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी पैसे वाचविण्यासाठी तो नूतनीकरणाविना सोडला जातो. हातात कागद असतो, पोलिसाने अडविले तर तो चालतो, आणि घरात सगळ्यांना वाटते की गाडीचा विमा अजून चार वर्षे आहे.