भूकंपशास्त्र आणि गावचा पार

धाराशिव जिल्ह्यात जमिनीतून गडगडाटाचा आवाज आल्याची वार्ता अधूनमधून वर्तमानपत्रांत येते. भांडी हलतात, माणसे घराबाहेर धावतात आणि दुसऱ्या दिवशी प्रशासनाचे पत्रक निघते : नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये. पत्रकाचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या माणसाने हा आवाज ऐकला, त्याच्या मनात उठलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. आवाज कशाचा होता? पुढे काही होईल काय? माकणीच्या धरणाचा याच्याशी संबंध आहे काय? आज रात्री घरात निजावे की अंगणात? पत्रक यांपैकी काही सांगत नाही, कारण पत्रकाला प्रश्न विचारता येत नाही.

ज्या भूमीत ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उगवली, तेथे हे प्रश्न कुतूहलापोटी विचारले जात नाहीत. त्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ६.२ प्रतीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. ५२ गावे पार उद्ध्वस्त झाली. आदल्याच दिवशी गणेशविसर्जन झाले होते. त्याआधीच्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात किल्लारी परिसरात लहान लहान धक्के जाणवले होते. लोक धास्तावले होते. पुढे धक्के थांबले. देशाच्या तत्कालीन भूकंपप्रवणता नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. २००२ च्या सुधारित नकाशाने तो पट्टाच रद्द केला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला.

भूकंपानंतर संशोधन पुष्कळ झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विंधनविवर घेतले. वरचा काळा कातळ, म्हणजे ज्या बेसाल्टवर बहुतेक मराठवाडा उभा आहे तो, तेथे सुमारे ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याखाली कोट्यवधी वर्षे जुना मूळ खडक लागला. भूखंडाच्या ‘स्थिर’ समजल्या जाणाऱ्या अंतर्भागातही विनाशकारी भूकंप होऊ शकतो, याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना किल्लारी हे नाव तोंडपाठ झाले. इंग्रजी नियतकालिकांत निबंधांवर निबंध आले. ज्यांच्या शेताखालचा तो खडक, त्या लोहारा-उमरगा भागातल्या शाळकरी मुलाला मात्र आपल्या पायाखाली काय आहे हे कोणी बसून सांगितले, असे क्वचितच घडले.

येथे ‘बसून सांगणे’ या शब्दांवर भर आहे. व्याख्यान ही निराळी गोष्ट. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून व्याख्यानांचे आणि लेखनाचे मोलाचे काम करीत आली आहे. परंतु व्याख्यानाचा विषय वक्ता ठरवितो, संवादाचा विषय श्रोता ठरवितो. शेतीच्या बाबतीत हे आपल्याला कधीच उमगले होते. मुंबई दूरदर्शनच्या ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमात कृषितज्ज्ञाला प्रश्न विचारले जात, आणि ज्वारीच्या किडीविषयीचे संशोधन त्या वाटेने वस्तीपर्यंत पोहोचे. भूकंपाला असे भाग्य लाभले नाही.

अशा संवादात तज्ज्ञाची खरी कसोटी लागते ती ‘आम्हाला ठाऊक नाही’ असे म्हणताना. माकणीच्या धरणाचाच प्रश्न घ्या. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा जलाशयाशी असलेला संबंध बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. किल्लारीबाबत तसे मतैक्य नाही. काहींनी निम्न तेरणा जलाशयाकडे बोट दाखविले, इतरांनी ते अमान्य केले. गावकऱ्याला हा मतभेद समजणार नाही, हा समज निराधार आहे. भावकीच्या बांधाच्या तंट्यात दोन्ही बाजूंचे पुरावे ऐकून घेणारा माणूस शास्त्रज्ञांचा मतभेदही ऐकून घेऊ शकतो. लहान धक्क्यांच्या मालिकेनंतर मोठा भूकंप येतोच असे नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून शेकडो धक्के बसले, पण त्या मालिकेतून किल्लारीसारखा उत्पात झाला नाही. म्हणजे १९९२ चे धक्के पाहून १९९३ चे भाकीत करता आले असते, हे म्हणणे जितके चूक, तितकेच ‘आता भीती नाही’ हे आश्वासनही चूक.

या दुसऱ्या चुकीची किंमत इटलीने मोजली. ला’क्विला शहरात २००९ साली धक्क्यांची मालिका चालू असता ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. बैठकीआधीच एका अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत लोकांना निर्धास्त राहण्यास सांगितले. ६ एप्रिलला भूकंप झाला. ३०९ माणसे गेली. सहा तज्ज्ञ आणि तो अधिकारी अशा सातही जणांना २०१२ साली शिक्षा झाली. अपिलात २०१४ साली तज्ज्ञ निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा मात्र कमी होऊन कायम राहिली. मुलाखत हीसुद्धा मग धोक्याची वस्तू ठरू शकते. उत्तर देणारा कोण आणि त्याला उलट प्रश्न विचारण्याची मुभा होती काय, यावर सारे अवलंबून.

अशी मुभा मिळाल्यास काय साधते, याचे उदाहरण शोधायला इटलीला जाण्याचे कारण नाही. भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविला गेला, तेव्हा ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. अभियंता आणि घरमालक यांच्यामध्ये त्या उभ्या राहिल्या. लोकांच्या मनात दगडाविषयीच भय बसले होते. दगडी घरानेच माणसे मारली, असे ते म्हणत. दोष दगडाचा नव्हता. दोन फूट जाडीच्या भिंतीचे दोन थर आतून एकमेकांना बांधलेले नव्हते, मधे नुसता भराव होता, आणि वर माळवदाच्या मातीचे ओझे. भिंतीतून आरपार दगड घाला, कोपरे बांधा, छतावरची माती कमी करा, एवढे सांगायला नकाशे पुरेसे होते. पटवून द्यायला मात्र ओसरीवर बसून ‘का?’ या प्रश्नाला पुन्हा पुन्हा उत्तर द्यावे लागले.

त्या कार्यक्रमाची मुदत संपली, तशी ती व्यवस्थाही ओसरली. भूकंपानंतर जन्मलेली पिढी आज स्वतःची घरे बांधीत आहे. आवाज आलेल्या गावात आठवडाभरात एखादा भूवैज्ञानिक आणि एखादा स्थापत्य अभियंता जाऊन शाळेच्या पटांगणात किंवा पारावर दोन तास बसेल, मराठीत बोलेल, जे ठाऊक नाही ते तसे सांगेल, आणि उठण्यापूर्वी चार घरांच्या भिंती पाहील, एवढी सोय करणे जिल्हा प्रशासनाला व विद्यापीठाला अवघड नाही. धाराशिवला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, आकाशवाणीचे केंद्रही आहे.