गुण आला, पण कशाचा?

फेब्रुवारी 2025 मध्ये ‘लॅन्सेट’ने एक्झेनाटाइडच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचा निकाल छापला आणि पार्किन्सन्सवर काम करणाऱ्या अनेकांचा हिरमोड झाला. ब्रिटनमधील सहा केंद्रे, 194 रुग्ण, आठवड्याला एक इंजेक्शन, असे 96 आठवडे. अखेरीस पार्किन्सन्सची नेहमीची औषधे थांबवून हालचालींचा स्कोअर मोजला, तेव्हा एक्झेनाटाइड घेणाऱ्यांचा सरासरी 5.7 गुणांनी बिघडलेला होता आणि प्लासिबो घेणाऱ्यांचा 4.5 गुणांनी. मधुमेहाचे हे औषध कंपवाताची वाटचाल रोखते, ही आशा या चाचणीपुरती संपली.

ही आशा निराधार मात्र नव्हती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील टॉम फॉल्टिनी यांच्या गटाने 2013 मध्ये 45 रुग्णांवरच्या खुल्या चाचणीचा निकाल दिला होता. त्यात औषध कोणाला मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक होते. 2017 मध्ये 62 रुग्णांची डबल ब्लाइंड चाचणी आली. 48 आठवडे इंजेक्शन दिले, पुढचे 12 आठवडे बंद ठेवले, तरीही दोन गटांत साडेतीन गुणांचा फरक टिकून होता. त्यानंतर एप्रिल 2024 मध्ये फ्रान्समधून याच कुळातल्या लिक्सिसेनाटाइडचा निकाल आला. 156 रुग्णांवरच्या त्या चाचणीत वर्षभरानंतर सुमारे तीन गुणांचा फरक दिसला. तेव्हापासून आमच्याकडे वाचक डॉक्टरांचा एकच प्रश्न वारंवार येतो: वजन आणि साखर कमी करणारी ही इंजेक्शने आता आपल्याकडेही सहज मिळतात, मग मधुमेह नसलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णाला ती सुरू करायला काय हरकत आहे?

समजा 2017 च्या निकालानंतर आपण सगळ्यांनी ती सुरू केली असती, तर काय झाले असते? बहुतेक रुग्णांनी पुढच्या भेटीत सांगितले असते, “डॉक्टर, गुण आला.” त्यांनी ते खोटे सांगितले नसते. त्यांचे चालणे खरोखरच थोडे मोकळे झाले असते, चेहऱ्यावर थोडी हालचाल आली असती. आपणही केसपेपरवर तशी नोंद केली असती. आठ वर्षांनी मोठ्या चाचणीने उलट निकाल दिल्यावर आपल्यातले कितीतरी जण म्हणाले असते, चाचणी काहीही सांगो, आमचा अनुभव वेगळा आहे.

पार्किन्सन्समध्ये ‘आमचा अनुभव’ इतका फसवा का ठरतो, याचे उत्तर मेंदूतच आहे. 2001 मध्ये व्हँकूव्हरच्या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना औषध म्हणून निव्वळ प्लासिबो दिले आणि पेट स्कॅनवर पाहिले, तर स्ट्रायटममध्ये खरेखुरे डोपामीन स्रवत होते. ज्या रसायनाची या आजारात उणीव असते, तेच रसायन बरे वाटण्याच्या अपेक्षेने सुटते. न्यूमोनियात किंवा फ्रॅक्चरमध्ये असे होत नाही. त्यामुळे तिथे डोळ्यांनी पाहिलेल्या सुधारणेवर जेवढा भरवसा ठेवता येतो, तेवढा इथे ठेवता येत नाही.

2015 चा सिनसिनाटीचा प्रयोग तर प्रत्येक दवाखान्यात माहीत असायला हवा. 12 रुग्णांना सांगण्यात आले की दोन इंजेक्शनांची तुलना करायची आहे. औषध एकाच जातीचे, पण एकाची किंमत डोसाला 100 डॉलर आणि दुसऱ्याची 1500 डॉलर. दोन्ही सिरिंजमध्ये फक्त सलाइन होते. ‘महागड्या’ सलाइननंतर रुग्णांच्या हालचाली ‘स्वस्त’ सलाइनपेक्षा अधिक सुधारल्या. ज्या घरात मुलाने कर्ज काढून वडिलांना एखादा लाखभर रुपयांचा उपचार दिला आहे, तिथे महिनाभर वडील बरे दिसले तर त्यावरून काय निष्कर्ष काढायचा, हे या बारा जणांनी आपल्याला शिकवले आहे.

शस्त्रक्रियेत हा परिणाम आणखी मोठा असतो. 2001 मध्ये अमेरिकेत 40 रुग्णांवर भ्रूणपेशी रोपणाची चाचणी झाली. निम्म्यांच्या मेंदूत पेशी सोडल्या, उरलेल्यांच्या कवटीला फक्त छिद्रे पाडली. वर्षभरानंतर स्वतःच्या प्रकृतीबद्दल रुग्णांनी जे सांगितले, त्यात दोन गटांत फरक नव्हता. तरुण रुग्णांच्या तपासणीत काही लाभ दिसला खरा, पण पुढे रोपण झालेल्यांपैकी काहींना औषध कमी करूनही न थांबणारा डिस्कायनेशिया जडला. याच रुग्णांच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. आपल्याला रोपण मिळाले असे ज्यांना वाटत होते, त्यांनी जीवनमान सुधारल्याचे सांगितले, मग रोपण प्रत्यक्षात झालेले असो वा नसो. कवटीला उगाच छिद्र पाडणे क्रूर वाटते आणि त्यावर नैतिक वाद व्हायलाच हवेत. पण त्या 20 जणांनी ते सोसले नसते, तर ही शस्त्रक्रिया हजारोंवर झाली असती आणि गुण आल्याचे दाखले जगभर फिरत राहिले असते. त्या रुग्णांचे ऋण मोठे आहे.

आता स्टेम सेलपासून बनवलेल्या डोपामीन पेशींचे पर्व सुरू झाले आहे. एप्रिल 2025 मध्ये ‘नेचर’ने दोन चाचण्या एकत्र छापल्या. एक उत्तर अमेरिकेतली, 12 रुग्णांची. दुसरी क्योतोची, सात रुग्णांची. पेशी जगल्या, गाठी झाल्या नाहीत, आणि जुन्या रोपणात त्रास देणारा डिस्कायनेशिया दिसला नाही. ही बातमी मनापासून स्वागत करण्याजोगी आहे. पण या चाचण्या सुरक्षिततेच्या होत्या. गुणकारितेचा प्रश्न पुढच्या, तुलनेसाठी खोटी शस्त्रक्रिया असलेल्या चाचणीनेच सुटेल. आणि आपल्या शहरांत ‘स्टेम सेल’च्या नावाने कंबरेतून किंवा शिरेतून जे टोचले जाते, त्याचा या पेशींशी काडीचाही संबंध नाही. रक्ताच्या ठरावीक आजारांतले रोपण सोडले, तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर स्टेम सेलचा उपचार करू नये, असे आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. पैसे घेऊन तो करणाऱ्यांकडे आपल्यापैकी कोणी रुग्ण पाठवत असेल, तर त्याने ते आजच थांबवावे.

प्लासिबो हा एक पेच झाला. दुसरा त्याहून चिवट आहे: लक्षणे कमी होणे आणि आजाराची गती कमी होणे या दोन गोष्टी वेगळ्या कशा काढायच्या? 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या डेटाटॉप चाचणीत 800 नव्या रुग्णांना सेलेजिलीन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा प्लासिबो दिले गेले. सेलेजिलीनमुळे लेव्होडोपाची गरज सुमारे नऊ महिन्यांनी लांबली. मेंदूच्या पेशी वाचवणारे औषध सापडले, असे तेव्हा वाटले. हळूहळू ध्यानात आले की सेलेजिलीन स्वतःच लक्षणे थोडी कमी करते आणि तेवढ्याने तो नऊ महिन्यांचा फरक बराचसा समजावता येतो. ई जीवनसत्त्वाने काहीच साधले नाही. को-एन्झाइम क्यू10 चेही तेच झाले. 600 रुग्णांवरची त्याची चाचणी निष्फळ ठरेल असे दिसल्यावर मध्येच थांबवली गेली आणि 2014 मध्ये तो निकाल प्रसिद्ध झाला. तरी आपल्या चिठ्ठ्यांवर महिन्याला मोठा खर्च करायला लावणारी ती कॅप्सूल अजून दिसते.

लेव्होडोपाच्या बाबतीत आपली चूक उलट्या दिशेची आहे. ‘ही गोळी जेवढी उशिरा सुरू कराल तेवढे बरे, नाहीतर नंतर काम करणार नाही’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती दवाखान्यांत ऐकू येते! 2004 च्या एल्डोपा चाचणीत 361 रुग्णांना 40 आठवडे लेव्होडोपाचे तीन वेगवेगळे डोस किंवा प्लासिबो दिले, मग दोन आठवडे औषध बंद केले. तरीही लेव्होडोपा घेतलेल्यांची स्थिती प्लासिबोपेक्षा चांगली होती, मात्र सर्वांत मोठ्या डोसावर डिस्कायनेशिया अधिक होता. 2019 मध्ये नेदरलँड्सच्या लीप चाचणीत 445 रुग्ण होते. अर्ध्यांना गोळी लगेच, अर्ध्यांना 40 आठवडे उशिरा. 80 आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. म्हणजे लेव्होडोपा आजार थोपवत नाही आणि वाढवतही नाही. उशीर झालेल्या गटाने त्या 40 आठवड्यांत फक्त अधिक त्रास सोसला.

यापेक्षाही बोलका पुरावा घानाचा आहे. तिथे गरिबीमुळे रुग्णांना लेव्होडोपा मिळायला आजार सुरू झाल्यापासून सरासरी चार वर्षांहून अधिक काळ लागत होता. इटलीत हा काळ अडीच वर्षांच्या आत होता. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दिसले की गोळीचा असर लवकर ओसरणे आणि डिस्कायनेशिया ही दोन्ही संकटे दोन्ही देशांत आजाराच्या जवळपास त्याच टप्प्यावर येत होती. त्यांचे वेळापत्रक गोळी किती वर्षे घेतली यापेक्षा आजार किती जुना आणि डोस किती मोठा, यावर ठरते. घानाच्या रुग्णांनी परिस्थितीमुळे जी वर्षे गमावली, ती आपण सल्ला देऊन गमवायला लावतो. शर्टाचे बटण लागत नाही म्हणून नोकरी सोडायला निघालेल्या पन्नाशीच्या शिक्षकाला ‘अजून थांबू’ सांगण्यामागे कोणताही पुरावा नाही.

आपल्या वाचकांत वैद्य मंडळीही आहेत, म्हणून खाजकुहिलीबद्दल दोन शब्द. तिच्या बियांत लेव्होडोपा आहे, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्येच दाखवून दिले. 2017 मध्ये बोलिव्हियातल्या 18 रुग्णांवरच्या डबल ब्लाइंड चाचणीत भाजलेल्या बियांची पूड लेव्होडोपाच्या बरोबरीची ठरली. पण त्याच गटाने ती 16 आठवडे रोज दिली, तेव्हा पोटाच्या तक्रारींमुळे आणि हालचाली बिघडल्यामुळे निम्म्या रुग्णांना ती सोडावी लागली. कवचबीजचूर्ण निरुपद्रवी पूरक नाही. ते लेव्होडोपाच आहे, फक्त मात्रा अनिश्चित असलेले. सिंडोपा चालू असलेला रुग्ण ते गुपचूप घेत असेल, तर भास किंवा डिस्कायनेशिया का वाढला हे आपल्याला कधीच कळणार नाही. म्हणून प्रत्येकाला न रागावता विचारावे. या मातीतल्या वनस्पतीचा काटेकोर अभ्यास किती दूर जाऊ शकतो, हे सर्पगंधेने दाखवले आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरील तिचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. तिच्यातूनच वेगळे काढलेले रेसर्पिन 1957 मध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना दिले, ते निश्चल झाले, आणि डोपाने पुन्हा हलू लागले. लेव्होडोपाचा उपचार त्या प्रयोगातून उगवला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. पार्किन्सन्ससाठी म्हणून ही इंजेक्शने आज सुरू करू नयेत. लिक्सिसेनाटाइडचा फरक लहान होता, तो एका वर्षापुरता होता, आणि औषध घेणाऱ्या 46 टक्के रुग्णांना मळमळ झाली. आधीच वजन घटत असलेल्या, बद्धकोष्ठ असलेल्या रुग्णाचे जठर आणखी मंद करणे म्हणजे त्याच्या लेव्होडोपाचे शोषणही बेभरवशाचे करणे होय. ज्याला मधुमेह आहे, त्याला मधुमेहासाठी ती जरूर द्यावीत.

रुग्णाला मात्र ‘काही उपाय नाही’ असे सांगून परत पाठवू नये. त्याला देण्यासारखे पुष्कळ आहे. योग्य डोस, गोळी आणि प्रथिनयुक्त जेवण यांत अंतर, नियमित व्यायाम, योग्य रुग्णासाठी डीबीएस, आणि पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटाची सोबत. आणि ज्याची इच्छा असेल त्याला खऱ्या चाचणीची वाट दाखवावी. 2009 पासून भारतात औषधाची प्रत्येक चाचणी सीटीआरआयवर आधी नोंदवणे बंधनकारक आहे आणि ही नोंदवही कोणालाही पाहता येते. आपल्या रुग्णाला चाचणीचे बोलावणे आले, तर नोंदणी क्रमांक विचारा, संमतिपत्र त्याच्यासोबत बसून मराठीतून वाचा, प्लासिबो मिळण्याची शक्यता त्याला नीट समजावून सांगा. चाचणीमुळे इजा झाली, तर उपचाराची आणि भरपाईची जबाबदारी 2019 च्या नियमांनी प्रायोजकावर टाकली आहे, हेही सांगा. आणि चाचणीतल्या औषधासाठीच रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील, तर त्याला तिथे पाठवू नका.